भैयाजींची चौकट

७ जानेवारी १९८५, सोमवार

आजची चूक आधी लिहिते, मग बाकीचं. मालक बाबनरावांनी "चहा घेतेस का?" असं विचारलं तेव्हा मी "नको" म्हणाले. मला हवा होता. म्हणजे नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकांशी खोटं बोलले.

चूक लिहून ठेवायची पद्धत बाबांची. अकरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांच्या मागाशेजारी बसूनच शिकले. बाबा तेव्हा करवतकाठी लुगडी विणायचे. विणीत कुठे दोष राहिला की त्या जागी काठाला लाल सुताची गाठ मारायचे, घेणाऱ्याला तो दिसावा म्हणून. मी विणत नव्हते, म्हणून मला वही दिली. आता मागावर आमच्या घरातले कपडे वाळतात आणि बाबा सीताबर्डीला सायकल स्टँडवर बसतात, पण वही चालू आहे.

छापखाना प्रताप नगरात, एका गॅरेजमध्ये आहे. अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे आता काढून टाकलेत. मुंबईहून फोटोजुळणीचं एक जुनं मशीन आणलं आहे. त्याच्यासमोर गिरिधर नावाचे गृहस्थ बसतात आणि टाइप करतात. पडद्यावर सगळी अक्षरं सारखीच दिसतात, हिरवी आणि बारकी. कुठलं ठळक, कुठलं तिरपं, ते मशीनला खुणा घालून सांगावं लागतं. ठळक जिथून हवं तिथे <ठ>, संपलं की </ठ>. तिरप्याला <त> आणि </त>. चौकटीला <चौ> आणि </चौ>. एक खूण उघडणारी, एक मिटवणारी. छापून आलेल्या कागदावर खुणा दिसत नाहीत, त्यांनी केलेलं काम तेवढं दिसतं.

माझं काम हेच. आलेल्या मजकुरावर लाल पेनाने खुणा घालायच्या.

"मिटवाले विसरू नका," गिरिधर म्हणाले. "तुमी ठळक म्हटलं का हे मशीन ठळकच करत जाते, कागद सरेपर्यंत. त्याले काई शरम नाई."

११ जानेवारी, शुक्रवार

विसरले. लग्नपत्रिकेत वराच्या नावानंतर ठळक मिटवायचं राहिलं. पुढचं सगळं ठळक झालं, "कृपया आहेर आणू नये" हेसुद्धा. पत्रिका छापून गेल्यावर कळलं. मी मालकांना सांगितलं. नंतर वधूच्या वडिलांना सांगायला सायकलने सावनेर रोडपर्यंत गेले. ते म्हणाले, छान उठून दिसते, आता लोकांना कळेल तरी. मग मला चहा दिला. हवा होता, म्हणून घेतला.

१२ जानेवारी, शनिवार

आजपासून प्रत्येक पानावरच्या उघडणाऱ्या खुणा मोजायच्या, मग मिटवणाऱ्या मोजायच्या. दोन्ही आकडे सारखे आले की पान पुढे द्यायचं. मग पुन्हा मोजायचं.

आईचं म्हणणं, मी घरातही तेच करून राहिले. दार उघडताना "उघडलं" म्हणते आणि लावताना "मिटलं". "अशी बडबडत राह्यली तं लोक काय म्हनतीन वं?" मला माहीत नव्हतं की मी मोठ्याने म्हणते.

२८ जानेवारी, सोमवार

आमच्या विणकर मंडळाची स्मरणिका आमच्याच छापखान्याकडे आली! मंडळाला पंचवीस वर्षं होतात. तीन मार्चला सक्करदऱ्याला कार्यक्रम आहे, आणि त्यात बाबांचा सत्कार आहे. "शालिकराम पराते, करवतकाठीचे कसबी विणकर". शाल, श्रीफळ, मानपत्र. बाबा आजवर कुठल्या मंचावर चढलेले नाहीत. आज संध्याकाळी ते मागाच्या बैठकीवर बसून भाषण लिहीत होते. मी गेल्याबरोबर कागद घडी करून खिशात टाकला.

"दाखवा न बाबा."

"तीन तारखेले ऐकजो. आत्ता काहून?"

स्मरणिकेत सगळ्या सभासदांची यादी आहे, नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. एकूण दोनशे एकोणनव्वद. यंदा चौकट एकच, भैयाजी निनावे यांची. दिवाळीत गेले. जो गेला त्याच्या नावाला काळी चौकट द्यायची, ही सगळीकडची रीत.

३० जानेवारी, बुधवार

भैयाजींच्या पत्नी पार्वतीकाकू छापखान्यात आल्या होत्या. चौकटीची रेघ किती जाड असते, ते पाहायला. मी नमुने दाखवले. त्यांनी सगळ्यात जाड निवडली.

"एकच चौकट आहे न वं यादीत?"

"एकच, काकू."

"बरं. गर्दीत त्याईले आवडत नव्हतं."

२ फेब्रुवारी, शनिवार

मंडळाचे सचिव गोविंदाकाका हेडाऊ आले होते. घरचा चिवडा घेऊन. इतके मोठे गृहस्थ, पण शिकायची केवढी आवड! प्रत्येक खूण काय करते ते विचारत होते. मी भैयाजींच्या नावावरून दाखवलं. इथे <चौ> उघडते, इथे </चौ> मिटते.

"अन् हे मिटवाचं राह्यलं तं?"

"तर चौकट पुढे जात राहील, काका. भैयाजींच्या खालची सगळी नावं आत येतील. मनोहररावांपासून शेवटपर्यंत."

मनोहरराव धकाते म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, सतरा वर्षांपासूनचे. काका हसले. "वा! लय मोठी विद्या शिकली वं तू." मग म्हणाले, मजकूर दोन दिवस घरी नेतो, नावं नीट तपासतो. मला किती बरं वाटलं. सभासदांच्या नावांची एवढी काळजी कोण करतं?

आजची चूक: चिवडा तीनदा घेतला.

४ फेब्रुवारी, सोमवार

गोविंदाकाकांनी मजकूर परत आणून दिला. म्हणाले, उशीर झाला आहे, आता पुन्हा मोजत बसू नको, सरळ टाइपला दे. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून दिला. पण मोजलं नाही ही चूक. लिहून ठेवते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

यादी टाइप झाली. प्रूफ मी पाहणार होते, पण गोविंदाकाकांनी मालकांकडून सरळ स्वतःच्या घरी नेलं आणि तासाभरात "छापण्यास हरकत नाही" अशी सही करून पाठवलं. दोनशे एकोणनव्वद नावं एका तासात! त्यांची नजर चांगली असणार.

१६ फेब्रुवारी, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

स्मरणिका काल घरोघरी वाटल्या. आज सकाळी बाबांनी सतरावं पान उघडलं आणि यादीवरून बोट खालपर्यंत नेलं. मग पान माझ्याकडे फिरवलं.

भैयाजींची चौकट मिटलीच नाही. त्यांच्या खाली मनोहरराव धकाते चौकटीत, त्यांच्या खाली सगळे म, य, र, ल, व, श, स, ह. पान संपलं तरी रेघ पुढच्या पानावर गेली आहे, चारही बाजूंनी, सगळ्यात जाड. भैयाजी धरून एकशे अठ्ठावन्न माणसं.

बाबा श मध्ये आहेत.

"गाठ मारली का?" बाबांनी विचारलं. म्हणजे वहीत लिहिलं का.

"आता मारते."

"मंग झालं." असं म्हणून ते स्टँडवर गेले. पण सायकलवर बसताना त्यांनी खिशातला भाषणाचा कागद काढून पाहिला आणि परत ठेवला, ते मी खिडकीतून पाहिलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

मंडळाची तातडीची सभा झाली. मी बाबांबरोबर गेले. चूक कबूल करायची आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायची असं ठरवून गेले होते. झालं निराळंच.

मनोहरराव बोलायला उभे राहिले तर गोविंदाकाका नम्रपणे म्हणाले, "अध्यक्ष साहेब, तुमी बसा. तुमी यादीत हयात नाई."

"म्या तुयासमोर उभा आहो न गा!"

"तो झाला तोंडी पुरावा," काका म्हणाले आणि १९७८ चा ठराव वाचून दाखवला. तेव्हा एकाच नावाच्या दोन सभासदांत भांडण झालं होतं, म्हणून मनोहररावांनीच ठराव मांडला होता. मंडळाच्या छापील कागदात जे असेल तेच खरं. तोंडी पुरावा घेतला जाणार नाही. छपाईची चूक ही सबब चालणार नाही. दोन छापील कागदांत फरक पडला तर नंतरचा खरा. खाली मनोहररावांची सही.

मनोहररावांनी स्वतःची सही दोनदा पाहिली आणि बसले.

मी हात वर केला. "काका, मिटवायची खूण माझ्याकडून राहिली. शुद्धिपत्र छापून देते."

काकांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "पोरी, तुयी चूक मी मनावर घेत नाई. पन शुद्धिपत्रासाठी संबंधित सभासदाचा अर्ज लागते. अन् संबंधित सभासद चौकटीत आहे. चौकटीतल्याचा अर्ज कसा घेऊ, तूच सांग."

मी हात खाली घेतला.

मग हयात एकशे एकतीस सभासदांनी रिकाम्या झालेल्या जागी गोविंदाकाकांना अध्यक्ष निवडलं. भीमाबाईंचं नाव भैयाजींच्या बरोबर वर, हयातांत शेवटचं. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "म्या काठावर वाचली वं माय." नंतर दिवंगतांना श्रद्धांजली म्हणून एक मिनिट उभं राहायचं ठरलं. हयात उभे राहिले. मग आजूबाजूला पाहून चौकटीतलेही उभे राहिले. सगळे उभे असताना बसून राहणं बरं दिसलं नसतं. मनोहरराव शेवटी उठले. मान खाली घालून, नीट मिनिटभर.

घरी येताना बाबा म्हणाले, "आपल्याच साठी कधी उभा नव्हतो राह्यलो."

जाता जाता आणखी एक ठराव झाला. बाबांचा सत्कार ठरल्याप्रमाणेच होईल, पण मरणोत्तर. आई तो स्वीकारेल.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आईला निरोप द्यायला गोविंदाकाका स्वतः आले. बाबा बाजूलाच भाकरी खात होते. काका त्यांच्याकडे न पाहता आईला म्हणाले, "वहिनी, साधं लुगडं नेसून या. प्रसंग तसा आहे."

आई चुलीपासून उठलीच. "काय म्हनलं? माहा नवरा इथं बसून चटनी मांगून राह्यला, अन् मी त्याचा सत्कार घेऊ? अन् कपाळ कोनतं घेऊन येऊ, तेही छापून आनलं का तुमी?"

"वहिनी, माह्या हातात काय आहे? छापील आहे."

काका गेल्यावर बाबांनी भाषणाचा कागद खिशातून काढला आणि मागाच्या फळीखाली सरकवला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्यांना काहीच का नाही बोललात?"

"मेलेल्या मानसानं बोलू नये," बाबा म्हणाले. "ठरावात बसत नाई."

ते गंमत करत होते असं मला आधी वाटलं. त्यांनी चटणी तशीच ठेवली.

२० फेब्रुवारी, बुधवार

मूळ मजकुराचं पान काढून पाहिलं. भैयाजींच्या नावाआधी माझी लाल <चौ> आहे. नावानंतर जागा मोकळी आहे. तिथला कागद मात्र पातळ झाला आहे, ब्लेडने खरवडल्यासारखा. उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. म्हणजे मी खूण घातली आणि स्वतःच खरवडून काढली, आणि मला आठवतसुद्धा नाही. ही साध्या विसरण्यापेक्षा मोठी चूक. गिरिधरांना दाखवलं.

ते पानाकडे पाहत राहिले. "तुमच्याजवळ ब्लेड आहे?"

"नाही."

"मंग?"

"कुणाकडून तरी मागून घेतलं असेल."

त्यांनी कपाळाला हात लावला. बहुतेक मशीनची उष्णता. त्यांचं डोकं हल्ली दुखतं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

स्मरणिकेची एक प्रत घेऊन पार्वतीकाकू आल्या. मला वाटलं, त्या रडतील. त्या रागावलेल्या होत्या.

"माह्या मानसाची चौकट होती ते. एकट्याची. तू त्यात अख्खी वस्ती आनून बसवली. आता कोन गेला अन् कोन नाई गेला, काई फरक राह्यला का? काल मी बाजारात गेली तं तो मनोहर धकाते वांगी घेऊन राह्यला होता. माह्या मानसाच्या चौकटीत राहून!"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले. इतकं बरोबर मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.

घरी जाताना मनोहरराव भेटले, वांग्यांशिवाय. त्यांनी डॉक्टरांचा दाखला आणला होता. डॉक्टरांनी "प्रकृती उत्तम" असं लिहिलं आहे. गोविंदाकाकांनी तो नाकारला. कोणाची प्रकृती ते छापील नाही, हाताने लिहिलेलं आहे.

चौकटीतले बाकीचे लोक हळूहळू रुळत आहेत, हे मला जास्त वाईट वाटतं. श मधली एक बाई म्हणाली, सासू आठ दिवसांपासून तिला काम सांगत नाही, तेव्हा घाई नको. स मधले एक मास्तर मंडळाच्या सतरंज्या परत करणार होते, आता करत नाहीत. मी शुद्धिपत्रासाठी सह्या गोळा करायला बत्तीस घरं फिरले. सह्या मिळाल्या चार.

बाबांनी सही केली नाही. "मी केली तं मुलीनं बापासाठी करून घेतली असं होते. राहू दे."

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज मानपत्राचा मजकूर आला. गोविंदाकाकांच्या हातचा. बाबनरावांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागले.

मथळ्याखाली एकच ओळ मोठी: "कै. शालिकराम पराते". समासात सूचना: "ठळक. चौकट टाकावी."

"मला नका देऊ हे," मी म्हणाले.

"खुना घालनारं दुसरं कोन आहे इथं?" बाबनराव म्हणाले. वाईट मनाचे नाहीत ते. "हे पाय लतिका, आपन छापखाना. मजकुरात जे अक्षर आहे ते छापाचं. कमी नाई, जास्त नाई. आपल्याले पटते का नाई पटत, हा सवाल नाई. एकदा का आपन आपल्या मनानं अक्षर बदलवलं, मंग कोन भरवसा ठेवन?"

हे त्यांचं खरं आहे. बाबाही हेच म्हणाले असते. गिऱ्हाइकाने सांगितलेला काठ सोडून वेगळा विणला, असं बाबांनी कधी केलं नाही. एका अक्षराला हात लावायचा नाही.

आणि बाबा जिवंत आहेत.

पेन हातात घेऊन चार तास बसले. एकही खूण घातली नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा सकाळी स्टँडवर निघाले तेव्हा शेजारचे एक आजोबा ओट्यावरून म्हणाले, "कुठं निघाले गा, स्वर्गवासी?" सगळे हसले. बाबाही हसले. मग सायकलची हवा तपासायला खाली वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. चाकात हवा होती.

छापखान्यात जाऊन मी मजकूर पुन्हा वाचला. अक्षरं जशी आहेत तशी. ठळक सांगितलं आहे, ते द्यायचं. चौकट सांगितली आहे, ती द्यायची. चौकट किती लांब, ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी अशा खुणा घातल्या:

<चौ>कै.</चौ> <ठ>शालिकराम पराते</ठ>

उघडणाऱ्या दोन. मिटवणाऱ्या दोन. सतरा वेळा मोजलं.

गिरिधरांनी वाचलं. "चौकट इथंच मिटते?"

"तिथंच मिटते."

"बरं." त्यांनी बोटं मोडली आणि एकेक कळ सावकाश दाबत ओळ टाइप केली. फोटोचा कागद धुऊन निघाला तेव्हा आम्ही दोघं पाहत होतो. डावीकडे लहानशी काळी चौकट, आत फक्त "कै.", एका अक्षरापुरती. बाहेर बाबांचं नाव, ठळक, मोकळं.

"आता खरं तं हाच एक मेला," गिरिधर 'कै.' वर बोट ठेवून म्हणाले.

प्रूफ पाठवायला हवं होतं. गोविंदाकाकांचा निरोप आला, अध्यक्षांना वेळ नाही, सरळ काचेत बसवून पाठवा.

हे चूक आहे की नाही, मला ठरवता येत नाही. आज पहिल्यांदा वहीत ती जागा मोकळी ठेवते आहे.

३ मार्च, रविवार

सक्करदऱ्याच्या शाळेच्या मैदानावर मांडव होता. हयात सभासदांना खुर्च्या, चौकटीतल्यांना मागे सतरंजी. मनोहरराव कोट घालून सतरंजीवर बसले होते. बाबा त्यांच्या शेजारी. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. नको म्हणत होते, तरी आईने नेसवलं. आई स्वतः हिरवं लुगडं नेसून, भलंमोठं कुंकू लावून आली. साधं म्हणून जे सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलटं.

गोविंदाकाकांचं भाषण झालं. बाबांच्या हातांबद्दल ते इतकं सुंदर बोलले की सतरंजीवरचे लोक डोळे पुसायला लागले. मग म्हणाले, "त्यांच्या पत्नी अनुसयाबाई यांनी मंचावर यावं."

आई गेली. काकांनी काचेतलं मानपत्र पुढे केलं. आईने हात पाठीमागे बांधले.

"मी नाई घेत. ते पाहा तिथं बसून राह्यले. त्याईले द्या."

"वहिनी, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या न. मी त्यासाठीच तं आली."

फोटोवाला अस्वस्थ झाला. "साहेब, काच चमकते. मानपत्र जरा खाली वाकवा." काकांनी ते लोकांकडे वळवून वाकवलं. पहिल्या रांगेत भीमाबाई होत्या. त्यांना लांबचं चांगलं दिसतं. त्या मोठ्याने वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "अवं, शालिकराम तं चौकटीच्या भायेर आहे!"

काकांनी मानपत्र स्वतःकडे फिरवलं. बराच वेळ पाहिलं. "ही... ही छपाईची चूक आहे."

सतरंजीवरून मनोहरराव उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, पण उठले.

"छपाईची चूक ही सबब चालनार नाई! ठराव माहा आहे, पन मागच्या सभेत वाचला तूनच! अन् दोन छापील कागदांत फरक पडला तं नंतरचा खरा! कोनता नंतरचा? सांग गा, कोनता नंतरचा?"

"तुमी बोलू नका, तुमी हयात..."

"मी नाई बोलून राह्यलो, ठराव बोलून राह्यला!"

खुर्च्यांतले लोक मागे वळून पाहायला लागले. मीही उभी राहिले, कारण माझी चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ नये. "काका, यादीत चूक माझी होती. मानपत्रात चूक नाही. तिथे चौकट मी जाणून मिटवली. तुमचं एकही अक्षर बदललेलं नाही. मोजून पाहा."

काकांनी खरंच मोजलं, ओठ हलताना दिसत होते.

बाबा उठले. सतरंजीवरून खुर्च्यांमधून मंचापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला, कारण प्रत्येक खुर्ची त्यांच्यासाठी सरकत होती. आईने काकांच्या हातातून मानपत्र काढून बाबांच्या हातात दिलं. शाल राहिली होती, ती भीमाबाईंनी घातली. कुणीतरी माइक बाबांच्या तोंडापुढे धरला. भाषणाचा कागद घरी मागाच्या फळीखाली होता. बाबा माइककडे पाहत राहिले. मग लोकांकडे. मग म्हणाले,

"मी आहो."

आणि खाली उतरले. उतरून सतरंजीकडे निघाले होते, तेव्हा मास्तरांनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

४ मार्च, सोमवार

सकाळी छापखान्यासमोर रांग. प्रताप नगरच्या वळणापर्यंत. सगळे चौकटीतले. प्रत्येकाला एकेक नंतरचा छापील कागद हवा आहे, ज्यात आपलं नाव चौकटीबाहेर असेल. सासूवालीसुद्धा आली आहे, पण म्हणाली, "घाई नाई, सगळ्याईच्या शेवटी कर."

बाबनरावांनी विचारलं, "पहिला नंबर कोनाचा?" मनोहरराव पुढे झाले. मी म्हटलं, थांबा. पहिला कागद पार्वतीकाकूंचा. भैयाजी निनावे, चौकटीत, एकटे, सगळ्यात जाड रेघ. गिरिधरांनी टाइप केला आणि काकू येईपर्यंत पंख्याखाली वाळवत स्वतः उभे राहिले. काकूंनी तो हातात घेऊन चारही बाजूंनी बोट फिरवलं. कुठे उघडी राहिली नाही ना, ते पाहिलं. मग पदराखाली धरून घेऊन गेल्या.

दुपारी गोविंदाकाका आले. एकटे, चेहरा उतरलेला. मला त्यांचं फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांचं बोलणं त्यांना माझ्या चुकीमुळे ऐकावं लागलं. मी त्यांना बाजूला नेऊन पाणी दिलं.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काहीच दोष नाही. मूळ पान मी पाहिलं. मिटवायची खूण मीच खरवडून काढली होती. ब्लेडने."

काकांनी पेला खाली ठेवला. "तुले असं वाटते?"

"हो. आठवत नाही, पण दुसरं कोण काढणार?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या मोठ्या माणसाला माझी एवढी कीव यावी, याचीच मला लाज वाटली. "पोरी..." असं म्हणून ते थांबले. मग बाहेर गेले आणि रांगेच्या शेवटी, सासूवालीच्याही मागे, उभे राहिले.

त्यांचं नाव तर पहिल्यापासूनच चौकटीबाहेर आहे. ते का उभे राहिले, ते मला कळलं नाही. पण संध्याकाळपर्यंत उन्हातून हलले नाहीत, म्हणून मी दोनदा जाऊन त्यांना चहा देऊन आले.